ग्रंथालयाचा चार्ज: पाचवी ते आठवीच्या एका शाळेतल्या वर्षभराच्या नोंदी

१८ जून २०२४
चार्ज मिळाला. ग्रंथपालाचं पद आमच्या पटसंख्येत बसत नाही, त्यामुळे दरवर्षी कुणा ना कुणा शिक्षकाच्या गळ्यात ग्रंथालय पडतं. यंदा माझ्या, म्हणजे विज्ञानाच्या बाईंच्या. ताब्यात आलं ते असं: चार लोखंडी कपाटं (एकाची किल्ली हरवलेली), दाखल नोंदवहीचे दोन खंड, देवघेव रजिस्टर आणि संगणक कक्षातून बाद झालेला २ जीबी रॅमचा एक संगणक. दाखल क्रमांक २,३१४ पर्यंत गेलेत. तेवढी पुस्तकं कपाटांत नाहीत, हे न मोजताही कळतं.

नोंदी ठेवतेय त्या अशाच चार्जमध्ये सापडलेल्या इतर शिक्षकांसाठी. कामं दोन. मागितलेलं पुस्तक मधल्या सुट्टीतच हातात पडलं पाहिजे. आणि "बाई, कुठलं वाचू?" याचं उत्तर देता आलं पाहिजे. दुसरं काम जास्त अवघड, कारण मी स्वतः लहानपणी वाचलं त्याच्या पुढचं बालसाहित्य मला फारसं माहीत नाही.

२२ जून
आधी कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर बसवून पाहिलं. मोफत आणि मुक्त स्रोत. न्यूझीलंडमधल्या एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी १९९९ साली बनवायला घेतलं, आज जगभर चालतं. त्यासाठी लिनक्सचा सर्व्हर लागतो. आमच्या संगणकावर तो कसाबसा चढला, पण एका पुस्तकाची नोंद करायला जे रकाने समोर आले ते पाहून शाळेचे लेखनिक उठून गेले. संगणक हळू होता हे खरं, पण सोडून दिलं ते त्यामुळे नाही. पुढच्या वर्षी चार्ज बदलेल आणि ज्यांना मिळेल त्यांना हे चालवता येणार नाही. मग सगळं पुन्हा कागदावर.

ठरलं: लिब्रेऑफिस कॅल्क या तक्त्यांच्या मोफत प्रोग्रॅममधली एकच फाइल (पुढे नुसतं "शीट"), तीन पानं: पुस्तकं, विद्यार्थी, देवघेव. दर शनिवारी पेन ड्राइव्हवर प्रत.

ड्यूई दशांश वर्गीकरण, म्हणजे पुस्तकांना विषयवार क्रमांक द्यायची पद्धत, तेही सोडलं. पद्धत उत्तमच आहे, पण मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६ आणि आमची बहुतेक पुस्तकं तिथंच येऊन बसणार. सगळ्या कपाटावर एकच क्रमांक लिहून मुलांना काय कळणार?

६ जुलै
नोंदणी सुरू. बारकोड वाचून पुस्तकाची माहिती आपोआप आणणारी ॲप्स पाहिली. जुन्या मराठी पुस्तकांवर आयएसबीएन क्रमांकच नसतो. ज्यांच्यावर आहे त्यांतली बरीच त्या ॲप्सना सापडत नाहीत आणि सापडली तर नाव रोमन लिपीत येतं. तो नाद सोडा.

उपयोगी पडलं ते फोनवरचं मराठी व्हॉइस टायपिंग. मी मुखपृष्ठ वाचायचं, फोनवर मजकूर उमटायचा, तो शीटमध्ये चिकटवायचा. टंकण्यापेक्षा बरंच जलद होतं. विशेषनामं मात्र तपासावी लागतात. "फेणे"चं "फेणी" सर्रास होतं.

लेखकांच्या नावांनी घोळ घातला. एकाच माणसाची नावं नोंदवहीत "साने गुरुजी", "पां. स. साने" आणि "साने, पांडुरंग सदाशिव" अशी तीन ठिकाणी तीन. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर यांचंही तेच. आता लेखकाचे दोन रकाने आहेत: एकात पुस्तकावर छापलंय तसं, दुसऱ्यात मुलांना माहीत असलेलं नाव. शोध दुसऱ्यातच घ्यायचा.

२० जुलै
बारकोड. यूएसबीचा साधा स्कॅनर १,१५० रुपयांना आला. संगणकाला तो कीबोर्डच वाटतो, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. बारकोडसाठी कोड ३९ चा फुकट फॉन्ट घेतला. त्यात क्रमांकाच्या आधी आणि नंतर तारांकन टाकावं लागतं, नाहीतर स्कॅनर ढिम्म हलत नाही.

तारांकनं टाकूनही गाडी अडली. प्रत्येक क्रमांकामागे मी "लायब्ररी"चा एल लावला होता आणि शून्यं भरून पाच आकडी क्रमांक केले होते. ६५ लेबलांच्या ए-४ शीटवर एक लेबल जेमतेम ३८ मिलिमीटर रुंद. इतका लांब क्रमांक तेवढ्यात बसवला की रेघा बारीक होतात, आणि आमच्या इंकजेटची शाई पसरून त्या एकमेकींना चिकटतात. जी थोडी लेबलं वाचली गेली त्यांत एलच्या जागी "थ" उमटला! कारण कीबोर्ड मराठी इन्स्क्रिप्टवर होता, आणि त्या मांडणीत मोठ्या एलच्या जागी थ असतो. स्कॅनर बिचारा कळ दाबतो, अक्षर संगणक ठरवतो.

एल काढला, पुढची शून्यं काढली. नुसता दाखल क्रमांक. रेघा जाड झाल्या, थ गेला. छपाई बाहेरून लेझरवर करून आणली, पान पाच रुपये. देवघेवीच्या वेळी कीबोर्ड इंग्रजीवर ठेवायचा, अशी चिठ्ठी टेबलावर चिकटवली आहे.

३ ऑगस्ट
मागच्या मुखपृष्ठावर लावलेली लेबलं पाचवीच्या मुलांनी नखांनी सोलली. खोडी म्हणून नाही. कडा वर आलेला कागद दिसला की हात जातोच, माझाही जातो. आता लेबल आतल्या पहिल्या पानावर, त्यावर पारदर्शक कव्हरच्या रोलची पट्टी. सेलोटेप लावू नका. ती चमकते, स्कॅनर चुकतो, आणि पिवळी पडते ते निराळंच.

याच आठवड्यात किल्ली हरवलेलं कपाट शाळेच्या शिपाईमामांनी उघडलं. खालच्या खणात वाळवी. वरच्या खणांत मात्र एकदाही न उघडलेले संच, पानं अजून चिकटलेली. वाळवीची पुस्तकं वेगळी काढून निर्लेखनाच्या, म्हणजे बाद करायच्या, यादीत. ठराव झाल्याशिवाय फेकता येत नाहीत, म्हणून पोत्यात भरून, तोंड बांधून, ग्रंथालयाबाहेर.

१७ ऑगस्ट
शिफारशी सुरू. कल्पना साधी: पुस्तक वाचून झालं की मुलानं जाड कागदाच्या पट्टीवर तीन ओळी लिहायच्या आणि ती पट्टी पुस्तकात वरून डोकावेल अशी खोचायची.

पहिल्या गठ्ठ्यातल्या पट्ट्या अशा: "हे पुस्तक खूप छान आहे." "या पुस्तकातून आपल्याला चांगला बोध मिळतो." "सर्वांनी अवश्य वाचावे." पुस्तक न वाचताही हे लिहिता येतं, आणि काहींनी तसं लिहिलंही असावं. मुलांची चूक नाही. गोष्ट संपली की तात्पर्य विचारायचं, हे आम्हीच शिकवलंय.

नवे नियम: छान, सुंदर, बोध, अवश्य हे शब्द बंद. पहिल्या ओळीत कोणाला आवडेल ते. दुसऱ्या ओळीत कुठल्या पानापासून मजा येते तो आकडा. तिसरी ओळ मोकळी. पानाचा आकडा मागितल्यापासून फरक पडलाय. तो खोटा लिहिला तर पुढचा वाचणारा मधल्या सुट्टीत भांडायला जातो.

५ सप्टेंबर
शिक्षक दिन. आठवीची मुलं शिक्षक झाली आणि एक मुलगी ग्रंथपाल. सहावीतल्या एकानं ॲन फ्रँकची डायरी मागितली. शीट म्हणाली, नाही. पुस्तक तर तिच्या पाठीमागच्या कपाटात दिसत होतं!

कारण शोधायला संध्याकाळ गेली. "ॲ" हे अक्षर संगणकात तीन तऱ्हांनी बसतं. एक, मराठीचं स्वतंत्र अक्षर, जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं. दुसरं, अ टंकून त्यावर वेगळा चंद्र दिलेलं. तिसरं, हिंदी कीबोर्डवरचा ए वर चंद्र. पहिली दोन डोळ्यांना सारखीच दिसतात, संगणकाला मात्र तिन्ही वेगळी. नोंद मी फोनवर केलेली, शोध तिनं संगणकावर टंकलेला. "वाऱ्यावरची" मधल्या ऱ्यालाही हेच दुखणं: कुणी नुक्त्याच्या ऱ नं लिहितं, कुणी र ला न दिसणारा जोडक देऊन.

उपाय: "शोध" नावाचा एक जादा रकाना. त्यात सब्स्टिट्यूटच्या सूत्रानं सगळे ॲ एकाच तऱ्हेचे केले, न दिसणारा जोडक काढून टाकला, नुक्त्याच्या ऱ चा साधा र केला, मराठी आकड्यांचे इंग्रजी केले. शोधायचा शब्दही त्याच सूत्रातून जातो. मराठीत कुठलीही यादी करणार असाल तर हे पहिल्या दिवशीच करा. मला दीड हजार नोंदी झाल्यावर करावं लागलं.

२८ सप्टेंबर
देवघेवीत मुलांसाठी हजेरी क्रमांक वापरत होतो. दोन तुकड्यांत मुलं इकडची तिकडे झाली, क्रमांक बदलले आणि एकाची पुस्तकं दुसऱ्याच्या नावावर गेली. आता जनरल रजिस्टरचा नंबर. तो शाळा सोडेपर्यंत बदलत नाही.

१५ ऑक्टोबर
वाचन प्रेरणा दिन. डॉ. कलामांची जयंती म्हणून दरवर्षी 'अग्निपंख'च्या सगळ्या प्रती जातात आणि आठवड्यात परत येतात. यंदा देवघेवीच्या तारखा हाताशी होत्या म्हणून विचारलं. बहुतेकांनी फोटो पाहिले, रामेश्वरमचं बालपण वाचलं आणि क्षेपणास्त्रांपाशी थांबले. सातवीसाठी एवढं वाचन पुरे, असं माझं मत. पूर्ण केलंच पाहिजे म्हणून मागे लागले नाही.

त्यापेक्षा तासिकेला 'श्यामची आई'मधला पोहण्याचा प्रसंग मोठ्यानं वाचला. आमच्या भागात विहिरी भरपूर, त्यामुळे पोहायला घाबरून दडून बसलेला श्याम मुलांना लगेच ओळखीचा वाटला. एरवी घरून "वाच" म्हणून सांगितलेलं हे पुस्तक त्या दिवशी मुलांनी आपणहून मागितलं. मोठं पुस्तक पुढे करण्यापेक्षा त्यातली पाच पानं वाचून दाखवावीत. 'वाचू आनंदे'चे भाग याच कामाला उत्तम. माधुरी पुरंदरे यांनी त्यांत मराठीतले कितीतरी वेचे चित्रांसह एकत्र आणलेत. मुलं वेचा ऐकतात आणि मूळ पुस्तक आहे का विचारतात. निम्म्या वेळी नसतं. ती नावं खरेदीच्या यादीत.

२६ नोव्हेंबर
दिवाळीची सुट्टी, लागलीच २० तारखेचं विधानसभेचं मतदान. शाळा मतदान केंद्र, आम्ही निवडणूक ड्यूटीवर. परत आलो तर कपाटं भिंतीला सरकवलेली, पट्ट्या अर्ध्या गळालेल्या. कुणाला बोल लावण्यात अर्थ नाही, जागा तेवढीच आहे. शीटमध्ये कपाट आणि खण लिहिलेले असल्यामुळे मांडणी परत लावायला फार वेळ गेला नाही. जूनमध्ये हे लिहायचा कंटाळा केला असता तर नाताळपर्यंत मांडत बसलो असतो.

संधी साधून पुस्तकांचं तोंड बाहेर काढलं. कपाटात पुस्तकाचा कणा दिसतो, आणि मराठी पुस्तकांच्या कण्यावरचं नाव मान वाकडी केल्याशिवाय वाचता येत नाही. मामांनी चार इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून दोन पन्हळी केल्या आणि खिडकीखालच्या भिंतीवर बसवल्या. जाड पुस्तकं ऐटीत उभी राहिली. पातळ पुस्तकं पन्हळीच्या गोलाईत घसरून वाकली. त्यांच्यासाठी वर नायलॉनची दोरी बांधली, तीवर कपड्यांचे चिमटे. 'किशोर'चे अंक आता दोरीवर असतात आणि कपाटात होते त्यापेक्षा जास्त हाताळले जातात. पन्हळीत दर सोमवारी पुस्तकं बदलायची. तीच ठेवली तर दुसऱ्या आठवड्यात कुणी तिकडे बघत नाही.

१४ डिसेंबर
खरेदीच्या संकेतस्थळांवर असतं तसं "हे नेणाऱ्यांनी हेही नेलं" आपल्या शीटमध्ये करावं अशी हौस आली. सूत्र जमलं. उत्तर दर वेळी एकच: 'चिंटू'. 'गोट्या' वाचलंत? चिंटू. 'एक होता कार्व्हर' वाचलंत? चिंटू. चित्रमालिकांचे ते छोटे संग्रह प्रत्येकानं कधी ना कधी नेलेले, त्यामुळे ते सगळ्यांशी जुळतात. एका शाळेच्या देवघेवीत तेवढ्या नोंदीच नसतात की यातून शहाणपण निघावं. काढून टाकलं.

त्याच्या उलट सूत्र मात्र ठेवलं: जूनपासून एकदाही न गेलेली पुस्तकं. काउंटइफनं शून्य आलेली. ही यादी पाहून दोन प्रकार दिसले. काही पुस्तकं मुलांची नव्हतीच: अहवाल, सत्कारग्रंथ, कुणीतरी भेट दिलेले कवितासंग्रह. ती वरच्या खणात. बाकीची चांगली होती, फक्त कुणी त्यांच्याबद्दल बोललं नव्हतं. त्यांतली थोडी दर सोमवारी पन्हळीत जातात. 'तोत्तोचान' त्यातलंच. आगगाडीच्या डब्यांत भरणारी शाळा, एवढं एक वाक्य पाचवीत सांगितलं आणि तेव्हापासून ते कपाटात परत आलेलं नाही.

११ जानेवारी २०२५
कुठली पुस्तकं कुणाला चालली, थोडक्यात.

'फास्टर फेणे' अजून चालतो. फुरसुंगीचा बनेश, त्याची सायकल आणि त्याचं "टॉक" मुलांना परकं वाटत नाही. जुना काळ आहे हे त्यांना कळतं, त्याचं काही वाटत नाही. 'बोक्या सातबंडे' सहावीत सर्वांत पुढे. 'एक होता कार्व्हर' सातवीच्या शेवटी द्यावं. आधी दिलं तर जड जातं, पण ज्या मुलांच्या घरी शेती आहे ती कार्व्हरच्या भुईमुगाच्या प्रयोगांवर माझ्याशी वाद घालतात. 'चौघीजणी' जाडीमुळे मागे पडतं. एका मुलीनं पट्टीवर लिहिलं, "पान ४० पर्यंत दम धरा", आणि मग ते तीन जणींनी नेलं.

'वनवास' माझं अतिशय लाडकं. वर्गात वाचून दाखवलं आणि पडलं. लंपनची बेळगाव-कारवारकडची बोली मुलांना अडली. फक्त एका मुलानं ते नेलं, ज्याचं आजोळ तिकडचं. त्यानं पट्टीवर लिहिलं, "माझी आजी अशीच बोलते." मी आता आग्रह करत नाही.

'सत्तर दिवस' आठवीपुरतं ठेवलंय. १९७२ साली अँडीज पर्वतात कोसळलेलं विमान, वाचलेल्यांनी जगण्यासाठी मृतांचं मांस खाल्लं ती खरी हकिकत. आधी कपाटातून काढूनच ठेवणार होते. मुख्याध्यापक म्हणाले, मुलांना सगळं माहीत असतं, निदान नीट लिहिलेलं वाचू दे. त्यावर पट्टी आली: "जेवताना वाचू नका. पान पहिल्यापासूनच." प्रतीक्षायादी लागलेलं आमचं हे एकमेव पुस्तक.

भुताच्या गोष्टींची मागणी कधीच संपत नाही आणि मुलांसाठी लिहिलेल्या चांगल्या भयकथा आमच्याकडे फारच कमी आहेत.

१ फेब्रुवारी
पाचवीत काही मुलं अजून अडखळत वाचतात. त्यांच्या हातात 'गोट्या' देणं म्हणजे शिक्षाच. त्यांच्यासाठी प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरून मराठी गोष्टी उतरवल्या. तिथं गोष्टी वाचनाच्या चार पातळ्यांत लावलेल्या असतात, आणि परवाना खुला असल्यामुळे छापून वाटायलाही हरकत नाही, श्रेयनाम तेवढं राहू द्यायचं. छापताना प्रिंटरच्या खिडकीत "बुकलेट" निवडा. पहिली गोष्ट सरळ छापून घडी घातली, तर पानांचा क्रम उलटसुलट होऊन हत्ती जन्माला येण्याआधीच म्हातारा झाला. आणि पीडीएफ शाळेबाहेरच उतरवून आणा. तासिकेत वर्ग टीव्हीसमोर बसवून नेटची वाट बघण्यात तासिका संपते.

'किशोर'चे जुने अंक बालभारतीनं ऑनलाइन ठेवलेत, अगदी १९७१ च्या नोव्हेंबरमधल्या पहिल्या अंकापासून. पालकसभेत दाखवले. मुलांपेक्षा पालकच त्यात रमले, आपल्या लहानपणीचा अंक शोधत. त्यानंतर घरी फोनवर वाचून घेणारे पालक वाढले, असं मुलं सांगतात.

पुस्तकांवर क्यूआर कोड लावायचा विचार केला होता. शाळेत मुलांना फोनबंदी. कोड वाचणार कशानं? रद्द.

२२ फेब्रुवारी
आठवीतल्या काहींनी घरी एआय चॅटबॉटला "सातवीसाठी मराठी पुस्तकं सुचव" म्हणून विचारलं आणि यादी माझ्याकडे आणली. लेखक खरे, पुस्तकं अर्धी खोटी. जयंत नारळीकरांच्या नावावर त्यांनी कधीच न लिहिलेली एक कादंबरी, कथानकासकट. यादी फळ्यावर लिहिली आणि मुलांनाच तपासायला लावली: आधी आपली शीट, मग प्रकाशकाची सूची, मग तालुक्याच्या वाचनालयात विचारून यायचं. "आम्हाला सापडलं नाही" आणि "असं पुस्तकच नाही" यांतला फरक कसा करायचा, यावर तासिका रंगली. संगणकाच्या तासाला जे शिकवायचं राहून जातं ते इथं झालं. चॅटबॉटचा चांगला उपयोगही एकीनं दाखवला. तिनं आपली पट्टी त्याला देऊन "यात मी बोध हा शब्द न वापरता बोधच लिहिलाय का?" असं विचारलं होतं.

१२ एप्रिल
पडताळणी. स्कॅनर घेऊन खणाखणातून फिरायचं, नसलेले क्रमांक शीट आपणच दाखवते. पूर्वी यात उन्हाळी सुट्टीचे पहिले दिवस जायचे. नोंदवहीतली ४०० हून अधिक पुस्तकं नाहीत. त्यांतली बरीच जुन्या काळात गेलेली असणार, कारण यंदा दिलेल्यांपैकी अगदी थोडी अडकली आहेत. निर्लेखनाचा प्रस्ताव शाळा समितीकडे.

खर्च: स्कॅनर १,१५०, लेबल शीट ४८०, लेझर छपाई १५०, कव्हरचा रोल ३२०, पट्ट्यांचा कागद १२०, पाइप ६२०, दोरी आणि चिमटे ९०. एकूण २,९३० रुपये. वाया गेलेली इंकजेटची शाई यात धरलेली नाही. पुस्तकांवर काहीच नाही, ही रडकथा वेगळी.

१८ जून २०२५
नवं वर्ष. चार्ज माझ्याकडेच राहिला.

२० मे रोजी नारळीकर गेले. सुट्टीत टीव्हीवर पाहिलेलं असल्यामुळे पहिल्याच दिवशी मुलं त्यांची पुस्तकं मागायला आली. शीटमध्ये नाव टाकलं. 'यक्षांची देणगी' आणि 'प्रेषित' हजर, कपाट आणि खणासह. तिसरं 'चार नगरांतले माझे विश्व', पण ते आत्मचरित्र मोठ्यांसाठी आहे, ते मी नेलं. चौथ्या नावापुढे एप्रिलच्या पडताळणीतला "नाही" हा शेरा.

फेब्रुवारीतल्या यादीच्या वेळी वर्गात असलेला, आता नववीला दुसऱ्या शाळेत गेलेला एक मुलगा दाखला न्यायला आला होता. त्यानं विचारलं, ती खोटी कादंबरी कुणी लिहून घेतली का. नाही म्हटल्यावर, कथानक लक्षात आहे, म्हणाला. त्याला पट्ट्यांचा उरलेला कागद दिला. 'प्रेषित' सातवी ब मध्ये गेलंय, परतीची तारीख २५ जून.